प्रादेशिक पर्यटन भागीदारी आणि नेतृत्वाचा प्रश्न : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि ३० एप्रिल १९९७ रोजी तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. या घोषणेला पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. मधल्या काळात कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, तारकर्ली व देवबागचा किनारा राज्यभर परिचित झाला, चिपी येथील विमानतळाचे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झाले आणि जिल्ह्याच्या सीमेलगत गोव्यातील मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पर्यटक आले, घरोघरी खोल्या बांधल्या गेल्या, मासेमारीच्या होड्यांतून प्रवासी फिरू लागले. असे असूनही या जिल्ह्याचे पर्यटन नेमके कोण चालवतो, या साध्या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही.

सिंधुदुर्गातील पर्यटनावर आजवर झालेल्या लेखनाचा सूर बहुतांशी सुविधांच्या अभावाचा आहे. रस्ते अपुरे, वीज अनियमित, जेटी मोडकळीस आलेली, प्रसिद्धी कमी, अशी ती मांडणी असते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. सुविधा कोठे, कोणासाठी व कोणत्या क्रमाने उभ्या कराव्यात हे ठरविणारी यंत्रणा कोणती, हा त्याआधीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात प्रादेशिक पर्यटन भागीदारीतील नेतृत्व या अंगाने सदर प्रश्नाचा विचार केलेला आहे. सिंधुदुर्गात योजना आखणारे व धोका पत्करणारे हे दोन वेगळे वर्ग राहिले, आणि धोका पत्करणाऱ्यांकडे निर्णयाचा अधिकार आला नाही म्हणून भागीदारी हा शब्द कागदावरच राहिला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

नेतृत्व आणि अधिकार : संकल्पनेचा विचार

पर्यटन हा एका कारखान्यासारखा उद्योग नाही. कारखान्याला मालक असतो, व्यवस्थापक असतो आणि उत्पादन कोणाचे हे निश्चित असते. पर्यटनस्थळ मात्र अनेकांनी मिळून घडवलेले असते. किल्ला पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात असतो, समुद्र मच्छीमारांच्या उपजीविकेचा असतो, घर खासगी असते, रस्ता शासनाचा असतो आणि गावाचा शांत स्वभाव कोणाच्याच मालकीचा नसतो. या सर्वांना एकत्र आणणारी भागीदारी उभी करावयाची तर तिचे नेतृत्व आदेशाने चालत नाही. ज्यांच्यावर आपला प्रशासकीय अधिकार नाही, अशा घटकांना एका दिशेने नेणे हे तेथील नेतृत्वाचे काम असते. म्हणूनच अधिकारपद आणि नेतृत्व यांत भेद करणे आवश्यक ठरते.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९६९ च्या कायद्याने पर्यटन मंडळे स्थापन झाली व पुढे प्रादेशिक मंडळे उभी राहिली. नंतर प्रादेशिक विकास संस्थांकडे पर्यटनाची जबाबदारी सोपविण्यात आली; परंतु २०१० नंतर आलेल्या सरकारने या संस्थाच बंद केल्या. स्थानिक संस्थांनी उद्योजकांच्या पुढाकाराने व वर्गणीवर चालावे, असे २०११ च्या धोरणाने सुचविले. परिणामी देशभर लहानमोठ्या दीडशेच्या आसपास संस्था विखुरल्या गेल्या. कोविडच्या साथीत उद्योगच थांबले, तेव्हा त्यांच्या वर्गणीवर जगणाऱ्या या संस्थाही संकटात आल्या. शासनाने नेमलेल्या निक डी बोआ यांच्या २०२१ च्या अहवालात या विखुरलेपणावर नेमके बोट ठेवले गेले. त्यानंतर शासनाने मान्यताप्राप्त 'लोकल व्हिजिटर इकॉनॉमी पार्टनरशिप' ही रचना स्वीकारली आणि न्यूकॅसल, नॉर्थम्बरलंड व डरहॅम यांचा समावेश असलेल्या ईशान्य इंग्लंडात तीन वर्षांसाठी साडेबावीस लाख पौंडांचा प्रायोगिक निधी दिला.

हा इतिहास अनुकरणासाठी सांगण्याचे कारण नाही. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जी संस्था वर्गणीवर चालते ती वर्गणीदारांचेच नेतृत्व करते. वर्गणी न देणारा छोटा घटक तिच्या दृष्टिक्षेपाबाहेर राहतो. आणि शासनाच्या मर्जीवर उभी असलेली रचना शासन बदलताच कोसळते. निधी कोठून येतो, या प्रश्नापासून नेतृत्वाचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. सिंधुदुर्गाचा विचार करताना हीच कसोटी उपयोगी पडते.

सिंधुदुर्ग : अनेक सत्तास्थाने

मालवणच्या बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीचाच विचार केला तरी परिस्थितीची कल्पना येते. ज्या किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सुरू केले, तो आज केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे. बंदर व प्रवासी नौकांचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. होडी मूळची मासेमारीची असल्यास तिचा संबंध मत्स्यव्यवसाय विभागाशी येतो. भोवतालचे पाणी सागरी अभयारण्यात मोडते, म्हणजे वन विभागाचा अधिकार आला. किनाऱ्यावरील बांधकामास किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. शहराची स्वच्छता नगरपरिषदेकडे, गावाची ग्रामपंचायतीकडे आणि पर्यटनाचे नाव १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे, अशी ही विभागणी आहे.

या सर्वांना एकत्र आणणारे औपचारिक व्यासपीठ म्हणजे जिल्हा नियोजन समिती. महाराष्ट्रात तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. व्यवहारतः जिल्ह्याच्या पर्यटनाचे नेतृत्व पालकमंत्री व जिल्हाधिकारी या दोन पदांत सामावलेले दिसते. यात व्यक्तींचा दोष काढण्याचे कारण नाही. काही मंत्र्यांनी व अधिकाऱ्यांनी मनापासून पुढाकार घेतलेला आहे. प्रश्न पदाच्या स्वरूपाचा आहे. मंत्रिमंडळ बदलले की पालकमंत्री बदलतो, बदलीचा आदेश आला की जिल्हाधिकारी जातो, आणि त्यांच्याबरोबर प्राधान्यक्रमही जातो. पर्यटनस्थळ घडण्यास मात्र दहा-वीस वर्षांचे सातत्य लागते.

अशा अल्पजीवी नेतृत्वाचा कल स्वाभाविकपणे दिसणाऱ्या कामांकडे असतो. राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनानिमित्त अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यानंतर आरंभीचे काही दिवस जबाबदारी नेमकी कोणाची याचीच चर्चा होत राहिली. २०२५ मध्ये त्या जागी नवा पुतळा उभा राहिला. या घटनेचे राजकीय अंग बाजूला ठेवले, तरी एक बाब उरते. अनावरणाच्या वेळी श्रेयाचे धनी निश्चित होते, पडझडीच्या वेळी उत्तर देणारा निश्चित नव्हता.

तारकर्लीची दुर्घटना आणि उत्तरदायित्व

याहून गंभीर प्रसंग २४ मे २०२२ रोजी घडला. समुद्रातील सफरीहून परतणारी पर्यटकांची नौका तारकर्लीजवळ उलटली व दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. अपघातानंतर नौकेची परवानगी, प्रवाशांची संख्या, लाइफ जॅकेटचा वापर या बाबींवर चर्चा झाली, काही काळ कडक तपासणी झाली. परंतु या घटनेने उघड केलेला मूळ दोष तपासणीच्या अभावापेक्षा खोल आहे.

नौका चालविणारा बहुधा मच्छीमार असतो. मासेमारीचे उत्पन्न घटत चालले आहे. परप्रांतीय यांत्रिक नौकांची घुसखोरी, पर्ससीन जाळी व एलईडी दिव्यांच्या साह्याने होणारी मासेमारी यांच्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष दीर्घकाळ चालू आहे. पर्यटन हा त्याच्यासाठी हौसेचा जोडधंदा नाही, कर्जाचे हप्ते भरण्याचा मार्ग आहे. शिवाय पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, त्याच काळात प्रवासी होड्याही थांबतात. त्यामुळे एप्रिल-मे व दिवाळी-नाताळच्या मोजक्या दिवसांत वर्षाची कमाई करण्याची घाई असते. या घाईतून जादा प्रवासी घेतले जातात, शेजारच्या होडीवाल्याशी दरात चढाओढ होते. दर ठरविणे, फेऱ्या वाटून घेणे, क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेणाऱ्यास रोखणे ही कामे दूरच्या कार्यालयातील परवाना करू शकत नाही. ती किनाऱ्यावरची, परस्परांना ओळखणाऱ्या लोकांची अधिकारयुक्त संस्थाच करू शकते. अशा संस्थेला सागरी मंडळाच्या नियमांनुसार देखरेखीचा अधिकार व त्याबरोबरचे दायित्व मिळाले असते, तर अपघात टळलाच असता असे म्हणता येणार नाही. परंतु उत्तर कोणी द्यावयाचे हे निश्चितपणे ठरलेले असते.

सागरी अभयारण्य : संमतीविना संरक्षण

नेतृत्वाची हीच उणीव मालवणच्या सागरी अभयारण्याच्या इतिहासातही आढळते. १३ एप्रिल १९८७ रोजी अधिसूचित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांचा परिसर येतो. प्रवाळ, मासे व समुद्री वनस्पती यांच्या दृष्टीने हा भाग समृद्ध आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी होत आली ते पाणी अभयारण्य करताना मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही, ही तेथील समाजाची जुनी तक्रार आहे. परिणामी अभयारण्य लोकांच्या मनात निर्बंध म्हणून रुजले, ठेवा म्हणून रुजले नाही.

पुढे याच पाण्यात स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंग सुरू झाले. ज्या प्रवाळाच्या संरक्षणासाठी मासेमारीवर निर्बंध आले, तेच प्रवाळ पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. नौकांचे नांगर प्रवाळावर पडले तर त्याला इजा होते आणि प्रवाळ गेले तर पर्यटकही जातील, हे स्थानिक डायव्हरला कोणत्याही अहवालाविना कळते. म्हणजे संरक्षण व उपजीविका यांचे हितसंबंध येथे प्रथमच एकत्र आले होते. हा योग साधून त्याला संस्थात्मक रूप देणारे नेतृत्व वन विभागाकडे नव्हते, पर्यटन महामंडळाकडे नव्हते व लोकांकडे त्याचा अधिकार नव्हता. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर राबविलेल्या जैवविविधता प्रकल्पाने या दिशेने काही प्रयत्न केले. मात्र प्रकल्पाला मुदत असते. मुदत संपल्यावर जबाबदारी कोणाकडे जाणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

स्थानिक परंपरेतील नेतृत्वाची बीजे

सिंधुदुर्गातील लोकांना भागीदारी शिकविण्याची आवश्यकता आहे, असा सूर अनेक शासकीय दस्तऐवजांत आढळतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. रापण हे येथील किनाऱ्यावरचे जुने सामुदायिक जाळे. एका रापणीला अनेक हात लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे जाळे, होडी व ओढणारे यांच्यात ठरलेल्या रीतीने होतात. होडीवर तांडेलाचा शब्द चालतो. पण तो समुद्र जाणतो व सर्वांबरोबर त्याच पाण्यात असतो म्हणून चालतो. वाऱ्याची दिशा चुकली तर त्याचाही जीव धोक्यात असतो. निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा एकच असणे, हे या नेतृत्वाचे मर्म आहे.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. रापणीतील निर्णय पुरुषांच्या हाती राहिले. मासळीची विक्री करणाऱ्या, बाजाराची नस ओळखणाऱ्या स्त्रिया निर्णयाच्या वर्तुळाबाहेर राहिल्या. पर्यटनातही हेच घडले. घरगुती निवासाचा फलक पुरुषाच्या नावाचा असला, तरी पाहुण्यांसाठी सोलकढी, आंबोळ्या व माशाचे सार करणारे हात घरातील स्त्रियांचे असतात.

या पार्श्वभूमीवर वेंगुर्ल्याजवळील मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर महत्त्वाची ठरते. मासेमारी कुटुंबांतील स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात, कांदळवनाच्या जाती व पक्षी यांची माहिती देतात आणि उत्पन्न आपसांत वाटून घेतात. उत्तरेकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने समुद्री कासवांच्या संरक्षणातून २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला व गावातील घरांतच पाहुण्यांची सोय होऊ लागली. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या संस्थेचे मार्गदर्शन होते, परंतु रोजचे चालविणे गावाकडे राहिले. मात्र या उपक्रमांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. एक खाडी किंवा एक गाव यांपलीकडे त्यांचा आवाज पोहोचत नाही. जिल्ह्याचा आराखडा ठरताना त्यांची छायाचित्रे पुस्तिकेत येतात, प्रतिनिधी बैठकीत येत नाहीत.

कुमरकमचा तौलनिक संदर्भ

लहान उपक्रमांना प्रादेशिक रचनेत स्थान कसे देता येते, यासाठी केरळातील कुमरकमचा अनुभव पाहता येतो. केरळ शासनाने २००८ मध्ये जबाबदार पर्यटनाचा प्रयोग कुमरकम, कोवलम, तेक्कडी व वायनाड येथे सुरू केला. कुमरकममध्ये मोठी हॉटेले आधीच होती. परंतु त्यांची भाजी बाहेरून येत होती आणि गावाशी त्यांचे संबंध तणावाचे होते. पंचायतीच्या पुढाकाराने कुटुंबश्रीच्या महिला गटांनी भाजीपाला पिकवून हॉटेलांना पुरविण्याची व्यवस्था उभी केली. दर व दर्जा ठरविण्यासाठी स्थानिक समित्या नेमल्या गेल्या. पुढे २०१७ मध्ये राज्यस्तरावर जबाबदार पर्यटन मिशन स्थापन झाले.

केरळ व कोकण यांची सरळ तुलना करता येणार नाही. केरळात पंचायतींना निधी व अधिकार देण्याची परंपरा अधिक दृढ आहे आणि कुटुंबश्रीचे जाळे आधीपासून विणलेले होते. तरीही त्यातील सूत्र येथे लागू पडते. तेथे शासनाने नेतृत्व सोडले नाही, ते वाटून दिले. भाजीचा दर हॉटेलचा व्यवस्थापक एकटा ठरवू शकत नव्हता आणि मंत्रीही ठरवत नव्हता. महाराष्ट्रात २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण व समुद्रकिनाऱ्यावरील शॅकविषयक धोरण आले. शॅकसाठी निवडलेल्या आठ किनाऱ्यांत तारकर्ली व कुणकेश्वर यांचा समावेश होता. परंतु धोरणाची भूमिका परवाने देण्याची राहिली. शॅक किती असाव्यात, त्या कोणाच्या असाव्यात व किनाऱ्याचा कोणता भाग रापणीसाठी मोकळा राहावा, याचा निर्णय घेणारी स्थानिक संस्था त्यातून उभी राहिली नाही.

दोन आक्षेपांचा विचार

स्थानिकांच्या हाती नेतृत्व दिल्यास विकास खोळंबेल, असा आक्षेप घेतला जातो. तोंडवळी-वायंगणी येथील सी वर्ल्ड प्रकल्पाला झालेला विरोध याचे उदाहरण म्हणून दिला जातो. परंतु त्या विरोधाचा आशय पाहिला असता तो पर्यटनाला नव्हता, जमिनीला होता. आंबा-काजूच्या बागा, घरे व मंदिरे यांच्यासह गाव जाणार आणि आपल्याच जमिनीवर आपण पहारेकरी म्हणून उभे राहणार, ही भीती त्यामागे होती. जागा निवडण्यापूर्वी ग्रामसभेशी प्रामाणिक चर्चा झाली असती, तर प्रकल्पाचा आकार व स्थान बदलण्यास वाव राहिला असता. नकाराचा अधिकार नसलेल्या भागीदाराकडे आंदोलनाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. म्हणजे खोळंबा होण्याचे कारण सहभागाचे आधिक्य नसून त्याचा अभाव आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. स्थानिक नेतृत्व म्हणजे गावातील सधन व राजकीय वजन असलेल्या चार कुटुंबांचे नेतृत्व ठरण्याचा धोका असतो. किनाऱ्यालगतची नियमबाह्य बांधकामे, वाळूत सोडलेले सांडपाणी, होडीच्या फेऱ्यांवरून होणारे वाद यांत स्थानिकांचाही वाटा आहे, हे नाकारता येत नाही. म्हणून केवळ स्थानिक असणे ही पात्रता मानता येणार नाही. रचनेतच होडीचालक, मच्छीमार सहकारी संस्था, महिला गट व भूमिहीन कामगार यांच्या जागा निश्चित असाव्या लागतील आणि हिशेब सार्वजनिक असावा लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) सिंधुदुर्गास १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, परंतु तो दर्जा सांभाळणारी स्थायी संस्था मिळाली नाही. अधिकार अनेक विभागांत विभागला गेला व समन्वय बदलत्या पदांवर अवलंबून राहिला.

२) जिल्हा नियोजन समितीच्या अंतर्गत, निश्चित मुदतीची व निवडून आलेल्या स्थानिक घटकांचे बहुमत असलेली पर्यटन भागीदारी स्थापन होणे आवश्यक आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी तिचे निमंत्रक असावे. अध्यक्षपद स्थानिक घटकांकडे असावे.

३) या भागीदारीला स्वतःचा निधी हवा. प्रवासी नौका, वाहनतळ व निवास यांवरील अल्प आकारणीचा ठरावीक हिस्सा तिच्याकडे यावा, जेणेकरून ती केवळ अनुदानावर किंवा केवळ वर्गणीवर अवलंबून राहणार नाही.

४) मोठ्या प्रकल्पाची जागा निश्चित होण्यापूर्वी संबंधित ग्रामसभेची संमती बंधनकारक असावी.

५) जलसुरक्षेसाठी प्रत्येक बंदरावर एक उत्तरदायी अधिकारी व होडीचालकांची एक मान्यताप्राप्त संस्था यांची संयुक्त जबाबदारी निश्चित करावी.

या सूचनांना खर्च फारसा लागणार नाही. अधिकार मात्र सोडावा लागेल, आणि अडचण तेथेच आहे. कोकणातील तरुण आजही मुंबईची किंवा गोव्याची वाट धरतो. पर्यटनामुळे त्याला गावातच राहणे शक्य व्हावे, ही १९९७ च्या घोषणेमागील अपेक्षा होती. तो गावात राहिला तर त्याने दुसऱ्याच्या हॉटेलात वाढपी म्हणून राहावे की आपल्या किनाऱ्याविषयीच्या निर्णयात तांडेलाच्या जागी बसावे, हे ठरविण्याचे काम पुढील धोरणाला करावे लागणार आहे.